३.२१ : विकून झाल्यावर काढून घेतलेली सोय

२८ मार्च २०१० रोजी सोनीने प्लेस्टेशन-३च्या ग्राहकांसाठी एक छोटी सूचना काढली. १ एप्रिलला फर्मवेअरची ३.२१ ही आवृत्ती येते आहे आणि ती टाकल्यावर ‘इन्स्टॉल अदर ओएस’ ही सोय बंद होईल. कारण म्हणून सुरक्षिततेचं नाव दिलं होतं. तारीख एप्रिल फूलची, पण थट्टा नव्हती.

अपडेट सक्तीचं नाही, असंही त्यात होतं. नको असेल तर घेऊ नका. मग प्लेस्टेशन नेटवर्कवर लॉगिन होणार नाही, ऑनलाइन खेळता येणार नाही, ३.२१ किंवा पुढची आवृत्ती मागणारे नवे गेम चालणार नाहीत, नव्या ब्लू-रे डिस्कचंही तेच. थोडक्यात, एका खिशातलं द्या नाहीतर दुसऱ्या खिशातलं, निवड तुमची.

तुम्ही हे फोनवर वाचत असाल तर अशा सूचना तुम्हाला नव्या नाहीत. बँकेचं अॅप उघडायला जावं आणि त्याने म्हणावं, आधी अपडेट करा. आपण वैतागतो, करतो, विसरतो. पण एका अपडेटने विकत घेतलेल्या वस्तूतली छापील सोय परत नेली, आणि लोकांनी त्यावर कोर्टात आठ वर्षं काढली, हे या यंत्राच्या बाबतीत घडलं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दूरवरच्या उपकरणांना सही केलेली अपडेट पोचवणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग. त्यामुळे ही गोष्ट मी गेमर म्हणून कमी आणि कुलूप बनवणाऱ्याच्या बाजूने जास्त वाचली.

दोन शब्द आधी सांगतो. फर्मवेअर म्हणजे यंत्र चालू केल्यावर सगळ्यात आधी जागं होणारं, यंत्राच्या पोटातच राहणारं सॉफ्टवेअर. कुठला प्रोग्रॅम चालू द्यायचा आणि कुठल्याला दारातून परत पाठवायचं हे तेच ठरवतं. आणि होमब्रू म्हणजे कंपनीच्या परवान्याशिवाय हौशी लोकांनी त्या यंत्रासाठी लिहिलेले प्रोग्रॅम. मूळ शब्द घरी गाळलेल्या बीअरचा. मराठीत चपखल शब्द आहे, हातभट्टी. फक्त त्याच्याबरोबर पोलिसांची धाड डोळ्यांसमोर येते. तशी होमब्रूवाल्यांनीही ती पाहिलीच म्हणा.

गंमत अशी की हातभट्टीला घरात जागा देण्याची परंपरा खुद्द सोनीचीच होती. पहिल्या प्लेस्टेशनच्या काळात, १९९७ च्या आसपास, सोनीने ‘नेट यारोझे’ नावाचा काळ्या रंगाचा खास प्लेस्टेशन विकला. हौशी प्रोग्रॅमरने तो संगणकाला जोडायचा आणि स्वतःचे गेम लिहायचे. जपानी ‘यारोझे’ म्हणजे साधारण ‘चला, करूया’. पीएस-२ आल्यावर अधिकृत लिनक्स किट आलं. त्यात ४० जीबीची हार्ड डिस्क, कीबोर्ड, माउस सगळं होतं. युरोपात तर पीएस-२ बरोबरच्या डेमो डिस्कवर बेसिक भाषेचा छोटा इंटरप्रिटर मिळायचा. तिथे गेमच्या यंत्रावर आयात कर होता, संगणकावर नव्हता, आणि पीएस-२ हा संगणकच आहे असं सोनीचं म्हणणं होतं. वाद न्यायालयापर्यंत गेला. कर भरताना संगणक आणि ग्राहकाने उघडला की खेळणं, हा भाग मला या सगळ्या इतिहासात फार आवडतो.

नोव्हेंबर २००६ मध्ये पीएस-३ आला, तेव्हा लिनक्ससाठी वेगळं किटसुद्धा लागत नव्हतं. सेटिंग्जमध्ये जायचं, हार्ड डिस्कचा एक भाग वेगळा काढायचा, यलो डॉग लिनक्स किंवा फेडोरा टाकायचं आणि टीव्हीसमोर संगणक तयार. सोनी, तोशिबा आणि आयबीएमने मिळून बनवलेला सेल प्रोसेसर त्यात होता. एक मुख्य भाग आणि आकडेमोडीसाठी आठ छोटे मदतनीस. आठातला एक कारखान्यातच बंद करत, म्हणजे एखादा मदतनीस सदोष निघाला तरी चिप फेकून द्यावी लागत नसे. एक यंत्राच्या स्वतःच्या कामाला. उरलेले सहा तुमचे. ग्राफिक्स चिपला मात्र लिनक्समधून थेट हात लावता येत नव्हता. लिनक्सच्या खाली ‘हायपरवायझर’ नावाचा एक थर बसलेला होता आणि तो पाहुण्याला दिवाणखान्याच्या पलीकडे येऊ देत नव्हता.

६० जीबीचा पीएस-३ अमेरिकेत ५९९ डॉलरला होता. आयसप्लाय या संस्थेने तो उघडून हिशोब केला तर बनवण्याचा खर्चच सुमारे ८४० डॉलर निघाला. कन्सोल तोट्यात विकायचा आणि गेमवर वसूल करायचं हा धंद्याचा जुना हिशोब. पण ज्याला गेम नकोच आहेत, नुसती आकडेमोड हवी आहे, त्याच्यासाठी ही लॉटरीच. आणि असे लोक निघाले. मॅसेच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ शाखेतल्या गौरव खन्ना या खगोलभौतिकशास्त्रज्ञाने २००७ मध्ये आठ पीएस-३ जोडून कृष्णविवरांची गणितं सोडवायला घेतली. त्यांतले काही सोनीनेच दिलेले होते. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने न्यूयॉर्क राज्यातल्या रोम गावी १,७६० पीएस-३ जोडून ‘कॉन्डॉर’ नावाचा महासंगणक उभा केला.

तिसरं उदाहरण आमच्या क्षेत्रातलं. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे २०० पीएस-३ एकत्र लावून संशोधकांनी एमडी५ नावाच्या जुन्या पद्धतीतली कमजोरी वापरली आणि वेबसाइटची ओळख पटवणारं एक बनावट प्रमाणपत्र तयार करून दाखवलं. ब्राउझरने ते खरं मानलं असतं. डिजिटल सहीवरचा आंधळा विश्वास किती महाग पडू शकतो हे त्यांनी डिसेंबर २००८ मध्ये बर्लिनच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये मांडलं. हे ठिकाण लक्षात ठेवा.

पहिला धक्का २००९ च्या ऑगस्टमध्ये बसला. पीएस-३ स्लिम जाहीर झाला, २९९ डॉलरला, आणि त्यात ‘अदर ओएस’ नव्हतं. यावर मला फार आक्षेप नाही. नव्या मॉडेलमध्ये काय द्यायचं हे कंपनीने ठरवावं, ज्याला पटेल तो घेईल. जुन्या यंत्रांचं काय, असं लोकांनी विचारलं तेव्हा सोनीत लिनक्सचं काम पाहणाऱ्या अभियंत्याने विकासकांना कळवलं की आधी विकलेल्या यंत्रांवरची सोय पुढच्या अपडेटमध्ये काढली जाणार नाही.

मग जानेवारी २०१० मध्ये जॉर्ज हॉट्झ आला. सतराव्या वर्षी आयफोनचं कुलूप काढून प्रसिद्ध झालेला मुलगा. तोवर वीसचा झाला होता. त्याने लिनक्समधून हायपरवायझरकडे विशिष्ट क्रमाने मागण्या करत राहायच्या आणि त्याच वेळी मेमरीच्या तारेवर बाहेरून विजेचा अगदी निमिषभराचा झटका द्यायचा, असा उद्योग केला. झटका योग्य क्षणी बसला की हायपरवायझरची मेमरीची वही चुकायची आणि पाहुणा आतल्या खोलीत. दर वेळी जमेल असंही नाही. सोल्डरिंग येणाऱ्या चिकाटीच्या माणसाचं काम ते. पण सोनीने जे पाहिलं ते एवढंच की चोर लिनक्सच्या दारातून शिरला. तीन महिन्यांत ३.२१ आलं आणि दार विटांनी बुजवलं गेलं.

इथे कुलूपवाल्याच्या बाजूने एक कबूल केलं पाहिजे. सोनीची भीती खोटी नव्हती. हायपरवायझर पडला तर पुढे चोरीचे गेम येणार हे सांगायला ज्योतिषी नको. आमच्या गावातल्या गेमिंग पार्लरमध्ये, दहा रुपयांत अर्धा तास, जे पीएस-२ होते ते झाडून सगळे ‘चिप मारलेले’. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर पन्नास-शंभर रुपयांना मिळणाऱ्या डिस्क त्यावर चालायच्या. गेम विकत घेतात हे मला कॉलेजात जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. ‘हॅक केलेला कन्सोल’ म्हणजे आपल्याकडे बहुतेकांना हेच आठवतं, आणि ते चूक नाही.

पण दाराची कडी सैल आहे म्हणून घर विकणाऱ्याने येऊन ती खोलीच भिंत घालून बंद करावी? तीही किंमत परत न करता? सोनीने ना काही पैसे परत देऊ केले, ना सुरक्षिततेच्या दुरुस्त्या असलेली पण लिनक्स शाबूत ठेवणारी वेगळी आवृत्ती काढली. हवाई दलाच्या प्रयोगशाळेला अपडेट घेण्याचं कारण नव्हतं, त्यांची यंत्रं कोणी ऑनलाइन फुटबॉल खेळायला वापरत नव्हतं. त्यांची अडचण वेगळी : एखादा पीएस-३ बिघडला आणि बदलून घेतला की नवा येणार तो नव्या फर्मवेअरचा, म्हणजे लिनक्सविना. कंपनीच्या एका निर्णयाने महासंगणकाचे सुटे भाग बाजारातून नाहीसे झाले.

आता गोष्टीत फेलओव्हरफ्लो नावाची टोळी येते. यातले बरेच जण आधी निन्टेंडोच्या वी या कन्सोलमागे लागलेले होते. तिथली कथा थोडक्यात सांगतो, कारण त्यावरून हे लोक कसे विचार करतात ते कळतं. वीवर झेल्डा मालिकेतला ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ हा गेम होता. त्यात नायकाच्या घोडीला नाव देता येतं. यांनी सेव्ह फाइलमध्ये घोडीचं नाव इतकं लांब लिहिलं की ते ठरलेल्या जागेत मावेना. उरलेली अक्षरं शेजारच्या मेमरीत सांडली आणि ती अक्षरं म्हणजे यांचा प्रोग्रॅम होता. घोडीच्या नावावरून कन्सोल उघडला! शिवाय वीमध्ये सही तपासणाऱ्या कोडने दोन हॅशची तुलना करायला मजकुराच्या तुलनेचं फंक्शन वापरलं होतं. मजकुराचं फंक्शन शून्य दिसलं की ‘संपलं’ समजून थांबतं. म्हणजे दोन्हींकडे पहिलाच बाइट शून्य असेल तर पुढचं काहीही न बघता सही मंजूर. पहिला बाइट शून्य यायला सरासरी अडीचशेच्या आसपास प्रयत्न, म्हणजे संगणकाला एक चुटकी. कॉलेजच्या पहिल्या वर्षी सी शिकवताना हे उदाहरण दिलं तर मुलं आयुष्यात विसरणार नाहीत.

निन्टेंडोने अपडेटमागून अपडेट काढली. एका अपडेटने घोडीची सेव्ह फाइल शोधून पुसायला सुरुवात केली. सप्टेंबर २००९ च्या ४.२ ने तर यंत्राच्या सुरुवातीच्या कोडवरच नवा कोड लिहिला, आणि त्यात होमब्रूला कधी हातही न लावलेल्या काही ग्राहकांचे वी बंद पडले. पोळ्याला धूर केला आणि शेजारी गुदमरला.

२९ डिसेंबर २०१०, बर्लिन, तोच केऑस काँग्रेस. फेलओव्हरफ्लोने मंचावर एक तक्ता दाखवला : कुठला कन्सोल किती दिवसांत फुटला. पीएस-३ चार वर्षं टिकला असं सगळे म्हणत होते. त्यांचं म्हणणं, ही चार वर्षं मोजूच नका. ज्यांना हे जमतं त्यांना लिनक्स हवं असतं, आणि लिनक्स तर सोनी आपणहून देत होती, मग कुलूप फोडायचं कशाला? मोजायचं तर सोय काढल्यापासून मोजा. स्लिमपासून धरलं तर साधारण वर्ष झालं होतं, म्हणजे इतर कन्सोलइतकंच. हा युक्तिवाद थोडा सोयीचा आहे. हॉट्झने लिनक्स असतानाच हात घातला होता आणि ऑगस्ट २०१० मध्ये चोरीचे गेम चालवणारी यूएसबी डोंगल बाजारात आली ती लिनक्सच्या प्रेमापोटी नव्हे. तरीही त्यात तथ्य आहे. ज्यांना आत घेऊन चहा पाजला असता तर जे गप्प बसले असते, त्यांना सोनीने बाहेर काढलं.

मग त्यांनी मुख्य गोष्ट दाखवली, आणि सभागृहात हशा पिकला. पीएस-३ वर चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमवर सोनीची डिजिटल सही लागते. ती पद्धत भक्कम आहे, आजही बँका आणि क्रिप्टोवाले तीच वापरतात. तिच्या प्रत्येक सहीत दोन गुप्त संख्या असतात. एक कायमची, म्हणजे कंपनीची खाजगी किल्ली. दुसरी फक्त त्या एका सहीपुरती, दर वेळी नव्याने, कोणालाही ओळखता येणार नाही अशी निवडायची. एका सहीतून बाहेरच्याला एक समीकरण मिळतं. समीकरण एक, चल दोन, सुटत नाही. पण दुसरी सही करताना तीच दुसरी संख्या परत वापरली तर? मग समीकरणं दोन आणि चल दोनच. दहावीच्या बीजगणितातली एकसामयिक समीकरणं. आकडे अवाढव्य आणि गणित घड्याळासारखं गोल फिरणारं, एवढाच फरक.

सोनीने दर वेळी तीच संख्या वापरली होती. सहीचा अर्धा भाग या संख्येवरूनच तयार होतो, त्यामुळे ते शोधायलाही काही लागलं नाही; सगळ्या सह्यांचा तो भाग सारखाच दिसत होता. पडद्यावर तेव्हा एक प्रसिद्ध विनोदी चित्र आलं, ज्यात ‘यादृच्छिक संख्या द्या’ या फंक्शनमध्ये थेट ४ लिहून ठेवलेलं असतं. दोन वर्षांपूर्वी याच काँग्रेसमध्ये बनावट सहीचा धोका दाखवायला ज्या यंत्राने घाम गाळला होता, त्याच यंत्राची सही आता कागदावरच्या गणिताने पडली.

जानेवारी २०११ च्या सुरुवातीला हॉट्झने हीच पद्धत पुढे नेऊन यंत्राच्या सगळ्यात आतल्या थराची किल्ली मिळवली आणि प्रसिद्ध केली. ती बदलता येईना, कारण विकल्या गेलेल्या कोट्यवधी यंत्रांच्या हार्डवेअरमध्येच तिच्यावरचा विश्वास कोरलेला होता. ११ जानेवारीला सोनीने त्याच्यावर कॅलिफोर्नियात दावा ठोकला. त्याची वेबसाइट कोणी कोणी पाहिली त्यांचे आयपी पत्ते मागायची परवानगीही कोर्टाकडून मिळवली. त्याच सुमारास कोणीतरी ही किल्ली सोनीच्या जाहिरातीतल्या एका काल्पनिक अधिकाऱ्याच्या ट्विटर खात्याला पाठवली. खातं चालवणाऱ्याला ते कागदावर जहाजं बुडवायच्या खेळातले आकडे वाटले आणि त्याने ते विनोद करून हजारो लोकांना पुढे पाठवले. जे छापलं म्हणून कंपनी एकाला कोर्टात खेचत होती, ते तिच्याच खात्यावर. एप्रिलमध्ये तडजोड झाली. हॉट्झने सोनीच्या वस्तूंशी पुन्हा अशी छेडछाड न करण्याचं मान्य केलं. त्याच महिन्यात प्लेस्टेशन नेटवर्कमध्ये वेगळीच घुसखोरी झाली, ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली आणि सेवा तीन आठवड्यांहून जास्त बंद राहिली. कन्सोलच्या दारावर वकील उभे होते तेव्हा गोदामाची खिडकी उघडी होती.

किल्ली फुटल्याचा फायदा चोरीच्या गेमवाल्यांनी भरपूर घेतला, हे लपवण्यात अर्थ नाही. फेलओव्हरफ्लोने आम्हाला लिनक्स परत हवं आहे, चोरी नको, असं सांगितलं. पण फुटलेलं कुलूप आत कोण शिरतो ते पाहत नाही. जुन्या गेमच्या जतनासाठी, स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमसाठी आणि फुकट गेमसाठी लागणारी किल्ली एकच होती. कायद्यालाही ही गाठ सोडवता आलेली नाही. अमेरिकेत जुलै २०१० मध्ये स्वतःचा स्मार्टफोन जेलब्रेक करायला सूट मिळाली. २०१२ मध्ये गेम कन्सोलसाठी तीच सूट मागितली तर नाकारली, कारण चोरीचं भय. खिशातला संगणक उघडलात तर चालेल, टीव्हीखालचा नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये आलेलं ६५-अ कलम मला त्या मानाने शहाणं वाटतं. कुलूप तोडणं हा गुन्हा, पण हक्कभंगाच्या हेतूने तोडलं तर. हेतू विचारायचा, नुसता स्क्रूड्रायव्हर बघून निकाल द्यायचा नाही.

आणि ते मूळचे ग्राहक, ज्यांची खोली बुजवली? ब्रिटनमध्ये एकाने युरोपीय ग्राहक नियमांवर बोट ठेवून अॅमेझॉनकडून किमतीचा सुमारे पाचवा हिस्सा परत मिळवला. अमेरिकेत एप्रिल २०१० मध्येच सामूहिक दावे दाखल झाले. सोनीचं म्हणणं, करारात लिहिलं आहे की अपडेटने काही सोयी जाऊ शकतात. तो करार, जो वाचल्याचं आपण सगळे खोटं सांगून पुढे जातो. २०११ मध्ये कोर्टाने दावा फेटाळला, २०१४ मध्ये वरच्या कोर्टाने त्यातला काही भाग जिवंत केला, पुढे झालेली पहिली तडजोड न्यायाधीशांनीच नामंजूर केली. २०१८ मध्ये शेवटी ३७ लाख ५० हजार डॉलरवर मिटलं. त्यातून वकिलांचा वाटा जाऊन, जाड पीएस-३ च्या मालकाला जास्तीत जास्त ६५ डॉलर. वाईट वाटतं ते रकमेचं नाही. तडजोड झाली म्हणजे निकाल लागलाच नाही. विकलेली सोय अपडेटने काढून घेता येते का, या प्रश्नाचं उत्तर त्या फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नाही.

मार्च २०२१ मध्ये सोनीने पीएस-३ चं ऑनलाइन दुकान बंद करायचं जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर महिन्याभरात निर्णय फिरवला. त्या दुकानात असे गेम आहेत जे कधी डिस्कवर आलेच नाहीत. दुकान जाईल त्या दिवशी ते कुठे सापडतील तर हातभट्टीवाल्यांच्या कपाटात.

दरम्यान यंत्राला अजून अपडेट येतात. मार्च २०२५ मध्ये ४.९२ आलं, पीएस-३ बाजारात येऊन अठरा वर्षं झाल्यावर. ब्लू-रेच्या किल्ल्यांची मुदत संपत असते, त्यामुळे नवी डिस्क चालायची तर ते घ्यावंच लागतं. ज्यांना लिनक्स किंवा होमब्रू हवं असे ते मात्र बरीच वर्षं जुन्या यंत्रांच्या जाहिराती चाळताना विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारत तो किमतीचा नसे. सेटिंग्जमध्ये जाऊन आवृत्ती बघून सांगा, म्हणत. आणि ३.५५ किंवा त्याच्या खालचा आकडा आला की पुढे एवढंच : इंटरनेटला जोडू नका, मी येतोय घ्यायला.